एका वेळी एकच कप्पा

शिकवता शिकवता मामा मध्येच थांबत, उजवा तळहात फळ्यासमोर आडवा धरत आणि म्हणत, "पोदुम." तमिळमध्ये पोदुम म्हणजे पुरे. पंगतीत वाढपी पुन्हा भात घेऊन आला की आपण पानावर हात धरतो ना, तसाच तो हात. मग ते अर्धा फळा पुसून टाकत आणि मुलींकडे वळून, कपाळाला आठ्या घालून विचारत, "गेलं का आत?" मुली हसत. ते मात्र खरोखरच उत्तराची वाट पाहत उभे राहत.

धडा संपवायची घाई झालेले मास्तर तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मीही पाहिले, आणि पुढे स्वतः त्यांतलीच एक झाले. पण धडा पोरींच्या डोक्यात मावेल की नाही याची अशी धास्ती घेतलेला माणूस मला दुसरा भेटला नाही.

कुंभकोणमच्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले ते साल अठ्ठ्याऐंशी असावं. ते वरिष्ठ, मी नवखी. दोघंही तंजावरी मराठी घरांतले. स्टाफरूममध्ये तमिळ चाले, पण दोघंच असलो की घरची भाषा. मी त्यांना मामा म्हणे. ती आमची भाषा इथे पुण्यात लेकीच्या सोसायटीत बोलले, तर लोक विचारतात, आजी, ही कुठल्या पोथीतली मराठी? म्हणून इथली मराठी शिकले, पन्नाशी उलटल्यावर, आणि तीच इथे लिहिते आहे. मामांचं बोलणं तेवढं होतं तसं ठेवते.

व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. तिच्यात एक स्लाइड प्रोजेक्टर, एक टेपरेकॉर्डर आणि पडदा म्हणून भिंतीवर ताणलेली पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर. खोलीची किल्ली मामांच्या जानव्याला. प्रोजेक्टरचा जादा बल्ब ते कॉफीच्या डब्यात कापूस घालून ठेवत आणि दिवसातून दोनदा डबा उघडून पाहत. एकदा मी म्हटलं, "मामा, बल्ब अंडं नव्हे, उबवायला." ते हसले, आणि लगेच डबा पुन्हा उघडून पाहिला.

त्या वर्षी दहावीला विज्ञानात नापास झालेल्या अकरा मुली ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा बसणार होत्या. शाळा सुटल्यावर मामा त्यांना त्या खोलीत शिकवत. त्यांतली एक सेल्वी, स्वामीमलैच्या, पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या एका मूर्तिकाराची मुलगी. मूर्तीच्या मेणाच्या नमुन्यावर बारीक नक्षी कोरायला बाप तिलाच बसवी, असा तिचा हात. तिला नर्स व्हायचं होतं. बापानं सांगून ठेवलं होतं, ही शेवटची परीक्षा. नाही झालीस पास, तर तै महिन्यात मामाशी लग्न. सख्ख्या मामाशी लग्न हे तिकडे रीतीचंच, पण सेल्वीचा मामा तिच्याहून अठरा वर्षांनी मोठा होता. तै जानेवारीच्या मध्याला लागतो. मामा, म्हणजे आमचे मामा, रोज कॅलेंडरकडे पाहत. काळजी अशी लागट असते, की पंधरा दिवसांत मीही पाहायला लागले.

मी तेव्हा हौशी होते. या मुलींसाठी काहीतरी झकास करायचं म्हणून दोन महिने खपून मी हृदयावर एक कार्यक्रम बनवला. मोठाले तक्ते रंगवले, फोटो स्टुडिओवाल्याकडून त्यांच्या स्लाइड करून घेतल्या. हृदयाच्या भागांना आकडे दिले, आणि कोणत्या आकड्याचं नाव काय याची यादी कडेला दिली. खाली माझं सगळं निवेदन सुवाच्य अक्षरात. तेच निवेदन टेपवर माझ्या आवाजात, मागे वीणा. आणि नुसतं हृदय ओकंबोकं दिसतं म्हणून प्रत्येक स्लाइडला चारी बाजूंनी कोलमची किनार. कोलम म्हणजे तिकडची ठिपक्यांची रांगोळी. मी स्वतःवर इतकी खूश होते, की स्लाइड पाहून नवऱ्यानं नुसतं "छान" म्हटलं याचाही मला राग आला.

मुलींनी श्वास रोखून कार्यक्रम पाहिला. दुसऱ्या दिवशी मामांनी कोरे कागद वाटले आणि हृदय काढायला सांगितलं.

अकरांपैकी सात जणींनी आधी कोलमची किनार काढली होती. सेल्वीची तर ठिपक्याला ठिपका जुळणारी. आत हृदयाचे वरचे कप्पे खाली, खालचे वर, आणि यादीतली नावं भलत्याच आकड्यांवर. मामांनी तिला मऊ आवाजात विचारलं, "काय पाहत होतीस, अम्मा?" तिकडे लेकीलाही मायेनं अम्मा म्हणतात.

"टीचरच्या कोलममध्ये वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चुकलाय, सार. सगळ्या स्लाइडमध्ये चुकलाय. तोच मोजत होते."

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. ज्या गावात मुली रोज सकाळी उंबऱ्यापुढे ठिपके मोजून कोलम घालतात, तिथे मी त्यांच्यासमोर चुकलेलं कोलम धरून रक्ताभिसरण शिकवत होते! मामा हसले नाहीत. तो कागद ते कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

त्या आठवड्यात आम्ही दोघं माझे तक्ते घेऊन बसलो. ते एकेक गोष्ट हातानं झाकत आणि विचारत, "हें इथें कशास?" किनारीवर हात. "पोदुम." वीणेला, "पोदुम." निवेदनाच्या ओळींवर हात आला तेव्हा मी भांडायला उठले.

"मामा, तें तरी राहूं द्या. ऐकायचें चुकलें तर वाचतील."

"तूं बोलतेस ना, पोरी? त्याच वेळीं त्या वाचूं लागतात. तुझा आवाज एकीकडे, अक्षरें दुसरीकडे. बिचाऱ्या धांवतात दोहींकडे, आणि दोन्ही जातें. आणि हे आकडे कशास? डोळा हृदयावर, कीं यादीवर? नांव त्या कप्प्यांतच लिही."

"मग माझें उरलें काय?" मी तक्ता गुंडाळायला लागले. मला फार लागलं होतं, ते कशाला लपवू?

ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "माझ्या लेकीस मींच शिकविलें. दहावीस. चांगलें डोकें तिचें. मी भरीत गेलों. नकाशे, तक्ते, चार पुस्तकें, भिंतीवर कागद, जेवतांना प्रश्न. परीक्षेस बसली तीन तास, आणि कागद कोरा. एक अक्षर नाहीं. बाहेर आली तर मी फाटकांतच सुरू जालों. पहिल्यास काय लिहिलेंस, दुसऱ्यास काय? ती नुसती पाहत उभी. पंधरा वर्षें जालीं. त्या दिवसाविषयीं आम्ही दोघें कधीं बोललों नाहीं."

मी तक्ता पुन्हा उलगडला.

माझ्या एका स्लाइडच्या सहा झाल्या. आधी नुसती रिकामी बाह्यरेषा. मग एक कप्पा, त्याचं नाव त्याच्याच पोटात. मग त्यात येणारं रक्त, एकच बाण. एवढं झालं की मामा प्रोजेक्टर बंद करत आणि मुली आठवून काढत. सगळ्यांचं आलं की पुढचा कप्पा. वीणा नाही, टेप नाही, मी हळूहळू बोलायची. शिक्षण खात्याचे एक अधिकारी पाहायला आले, आणि रंग कमी आहेत असा शेरा लिहून गेले. मुख्याध्यापिकाबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

पुढे नव्वदच्या दशकात शाळेत संगणक आला. एका विक्रेत्यानं गाणारं, धडधडणारं, सात रंगांत फिरणारं हृदय दाखवलं. शिक्षक खुर्च्यांवरून पुढे झुकले. मी विचारलं, यातला आवाज बंद करता येतो का, आणि एका कप्प्यावर थांबता येतं का? तो मला म्हणाला, "मॅडम, थांबवलं तर त्यात पाहण्यासारखं काय राहिलं?" त्या दिवशी मामा तिथे हवे होते.

पण एवढं काढून टाकल्यावर मामांची काळजी संपली असं समजू नका. त्या ऑक्टोबरात परीक्षेला आठवडा उरला असताना एका सकाळी ते सायकलवरून आमच्या दारात. मी दूध तापवत होते.

"काढून काढून फार तर नाहीं काढलें आपण? त्या कागदावर भलतेंच विचारलें तर? कमी पडलें तर तें पाप माझें, पोरी."

"कॉफी होणा का, मामा?" मी विचारलं. आमच्यात 'हवी का'ला 'होणा का' म्हणतात. ते नको म्हणाले, सायकल वळवली, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन तोच प्रश्न विचारायला परत आले. त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी आम्ही दोघं केंद्राच्या फाटकाबाहेर उभे होतो. मामा तासभर आधीच आलेले, ओठ सारखे हलत होते. बाकीच्या दहाजणी बडबडत बाहेर आल्या. सेल्वी सगळ्यांत शेवटी आली. चेहरा पांढरा, नजर कुठेच नाही. मी धावलेच, "काय गं, हृदय..." एवढं तोंडातून निघतंय तोच मामांनी माझा दंड धरला आणि तिला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "विचारूं नको."

मग तमिळमध्ये तिला विचारलं, "जेवलीस का, अम्मा?"

नव्हती जेवली. बस स्टँडजवळच्या खाणावळीत त्यांनी तिला इडल्या खाऊ घातल्या. ते स्वतः एका इडलीचा चुरा करत बसले. बाप हल्ली कुठली मूर्ती ओततोय, मेण कुठून आणतो, एवढंच विचारलं. ती थोडी बोलायला लागली. तिला स्वामीमलैच्या बसमध्ये बसवलं, बस वळून दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे ते मला म्हणाले, "बोटांस शाई होती तिच्या. पाहिलेंस? पुष्कळ होती."

नोव्हेंबरात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिरुच्चीला लेकीकडे गेले. निकाल लागला तेव्हा ते तिकडेच होते. सेल्वी पास झाली. फार गुण नव्हते, पण पास. बाप पेढे घेऊन शाळेत आला आणि मामांची रिकामी खुर्ची पाहून पेढ्यांचा पुडा टेबलावरच ठेवून गेला. मी त्याच दुपारी मामांना पत्र टाकलं. दोनच ओळी होत्या, जास्त लिहायची मला भीती वाटली.

उत्तर आलं नाही. मामाही परत आले नाहीत. डोळे सुधारले, पण छातीनं दगा दिला. ज्या हृदयाचे कप्पे आम्ही मुलींना एकेक करून दाखवले, त्यानंच. पोंगल, म्हणजे तिकडची संक्रांत, होऊन महिनाही झाला नव्हता, तोच ते गेले. त्यांच्या वस्तू न्यायला शाळेत त्यांची लेक आली. तिशी नुकतीच ओलांडलेली, बोलण्याआधी क्षणभर थांबणारी बाई. मी तिला त्या खोलीत नेलं आणि धीर करून विचारलं, माझं पत्र त्यांना मिळालं होतं का?

"मिळालें, अक्का," ती म्हणाली. "डोळ्यांस पट्टी होती, म्हणून मींच वाचून दाखविलें. कोण ही सेल्वी, मला ठाऊक नव्हतें. अप्पांनीं दोनदां वाचवून घेतलें. मग मला म्हणाले, बैस इथें. आणि विचारलें, त्या दिवशीं परीक्षेच्या हॉलमध्यें तुला काय होत होतें?"

ती पुढे सांगू लागली.

"मी सांगितलें सगळें. संध्याकाळ जाली, भात गार जाला. मध्यें एक प्रश्न नाहीं विचारला त्यांनीं. मी बोलायची संपले, तरी हात धरून बसून होते."