उताराच्या तोंडाशी थांबलेला ट्रेलर

शॉवरमध्ये घोट्याएवढं पाणी होतं आणि त्यावर बर्फाची साय धरली होती. इरा हॉस्पिटलचे निळे कपडे घालून दारात उभी होती. रात्रपाळी करून नुकतीच परतलेली. तिला आंघोळ करून झोपायचं होतं.

मी विचारलं, "ग्रे टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला होतास का?"

ती म्हणाली, "हो काकू. आई म्हणाली, घाण पाणी घरात साठवायचं नाही."

मी कपाळाला हात लावला. इथे जन्मलेली पोरगी. आईचं बाकी काही ऐकत नाही. नेमकं हेच ऐकलं.

आधी मी कोण ते सांगते. ओहायोच्या दक्षिणेला, डोंगराळ भागात माझं आरव्ही पार्क आहे. लोक आपला ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन येतात. मी त्यांना जागा, वीज आणि पाण्याचा नळ देते. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी इथल्या गिऱ्हाइकांशी भांडून शिकले. नवरा इचलकरंजीत फिटर होता, इथे येऊन ट्रेलर दुरुस्त करायचा. हे पार्क त्यानेच घेतलं. तो गेल्यावर मी चालवते. डेल नावाचा मेकॅनिक मदतीला असतो. उन्हाळ्यात गर्दी असते. हिवाळ्यात मोजकी माणसं राहतात, आणि त्यातली बरीचशी पहिल्या कडाक्यातच पळून जातात.

इरा ट्रॅव्हल नर्स आहे. म्हणजे ज्या हॉस्पिटलात नर्स कमी आहेत तिथे काही महिने जायचं, काम संपलं की पुढच्या गावी. आमच्या गावच्या हॉस्पिटलात तिचं मार्चपर्यंत कॉन्ट्रॅक्ट होतं. गावात भाड्याने खोली मिळत नाही, म्हणून तिने ट्रेलर घेतला. विकणाऱ्यानेच तो इथे आणून लावून दिला. तिने स्वतः अजून एकदाही ओढला नव्हता. आईवडील डब्लिनला, कोलंबसच्या बाहेर. दोघंही मोठ्या कंपनीत. मुलगी लोखंडी डब्यात राहते हे त्यांना पटलं नव्हतं.

आता पाण्याचं सांगते. ट्रेलरमध्ये बेसिनचं आणि आंघोळीचं पाणी खालच्या एका टाकीत जातं. तिला ग्रे टँक म्हणतात. संडासाची टाकी वेगळी. थंडीत ग्रे टँकचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. भसकन गेलेलं पाणी गोठत नाही. उघडा ठेवलात तर बारीक धार पाइपात सरकते, सरकता सरकता गोठते आणि पाइपाला बूच बसतं. मग पाणी मागे चढतं. आपल्याकडे मोरीचं पाणी साठवलं तर लोक नावं ठेवतात. ते शहाणपण सांगलीत बरोबर आहे. उणे तापमानात नाही.

डेल खाली सरपटत गेला आणि तोंड वाकडं करून बाहेर आला. टाकीत बर्फ, व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत गोठलेला आणि त्याला तडा गेलेला. जागेवर वितळवलं तर सगळं जमिनीवर सांडणार, आणि रविवारपासून थंडी आणखी वाढणार होती. एकच उपाय होता. गावापलीकडे ट्रकचं गॅरेज आहे, त्यात हीटिंग असलेला एक गाळा आहे. तिथे ट्रेलर न्यायचा, गरम होऊ द्यायचा, व्हॉल्व्ह बदलायचा. मी मालकाला फोन केला. तो म्हणाला, शनिवारी दुपारच्या आत आणा. नंतर एक शाळेची बस येणार आहे. आधी येईल त्याला गाळा.

शनिवारी सकाळी इराचे वडील श्रीकांतराव आले. सभ्य माणूस. बूट मात्र ऑफिसचे. त्यांनी ओला शॉवर पाहिला, पलंगामागची भिंत पाहिली. ती पण ओली होती. इरा कुकर लावायची, कपडे आत वाळत घालायची आणि थंडी येते म्हणून छताची झडप घट्ट बंद ठेवायची. वाफ जाणार कुठे? भिंतीवर बसते. थंडीतही ती झडप बोटभर उघडी ठेवावी लागते. हे मी तिला सांगितलं होतं. तिने तेव्हा मान डोलावली होती.

श्रीकांतराव म्हणाले, "काकू, तुम्हीच सांगा तिला. तुमचीही मुलं असतील."

"आहेत. एक ॲरिझोनात असतो, दिवाळीलाही फोन करत नाही. माझा सल्ला कशाला घेता?"

ते हसले नाहीत. त्यांना वाटत होतं डेलने ट्रेलर ओढावा, दुरुस्त करावा, मग तो विकावा आणि पोरीने घरी यावं. डेल तयार होता. इरा तयार नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. मार्चनंतर पुढचं काम मिशिगनमध्ये. तिथे डेल येणार नाही. म्हणजे ओढायला कधीतरी शिकावंच लागेल.

बापलेकीचं बरंच झालं. ती इंग्रजीत, ते मराठीत. शेवटी श्रीकांतरावांनी अट घातली. तू ओढ. गॅरेजपर्यंत नीट पोचलीस तर मी मार्चपर्यंत अवाक्षर काढणार नाही. नाही पोचलीस तर ट्रेलर विकायचा, हॉस्पिटलला कळवायचं आणि घरी यायचं. इरा म्हणाली, "डील."

आम्ही ट्रेलर इराच्या पिकअप ट्रकला जोडला. जिथे जोडतात त्याला हिच म्हणतात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा भाग तरी हिचवर बसायला हवा, म्हणजे ट्रेलरचं नाक जड हवं. शेपूट जड झाली की तो रस्त्यावर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागतो आणि मग ट्रकलाच ओढून नेतो. डेलने साखळ्या लावल्या, दिवे तपासले आणि निघा म्हणाला.

इरा हलेना. ती ट्रेलरच्या मागच्या बाजूला उभी होती.

"काकू, टँकमधला बर्फ पण वजनच ना? आणि टँक मागे आहे."

डेलच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. आम्ही नेहमी टाकी रिकामी करूनच निघतो, त्यामुळे सवयच नव्हती. त्यात तिचं स्वयंपाकघरही मागेच. आईने धाडलेली तांदळाची गोणी, कणकेच्या पिशव्या, इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर, सगळं तिथे. तिने ते सगळं काढायला लावलं. श्रीकांतरावांनी गोणी खांद्यावर घेतली आणि निसरड्यावरून ट्रकपर्यंत नेली. म्हणाले, हा ग्राइंडर मी तिच्या आईला नको म्हटलं होतं. तरी दोन फेऱ्या केल्या. डेलने हिचवरचं वजन पुन्हा पाहिलं आणि टोपी मागे सारली. तो एवढंच कौतुक करतो.

ट्रकमध्ये इरा, शेजारी मी, मागे श्रीकांतराव. डेल पार्कात थांबला, कारण माझी बाकीची गिऱ्हाइकंही गारठलेली होती.

सपाट रस्त्यावर ती हळू चालली होती. मागून दुधाचा टँकर जोरात ओव्हरटेक करून गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलरची शेपूट हलली. अशा वेळी नवीन माणूस पायाने ब्रेक दाबतो. ते चूक. ट्रकच्या डॅशबोर्डवर ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी कळ असते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा आणि कळ हलकेच दाबायची. मग मागचा ट्रेलर स्वतःलाच मागे खेचतो आणि सरळ होतो. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने केलं होतं. मागे श्रीकांतरावांनी दाराची दांडी पकडली होती. सोडली नाही.

पुढे टेकडी लागते. वर एक चर्च आहे, मग लांबलचक उतार, खाली नदीचा पूल, पुलापलीकडे गाव. इराने चर्चपाशी वेग कमी केला, सिग्नल दिला आणि चर्चच्या पार्किंगमध्ये वळून थांबली.

श्रीकांतराव म्हणाले, "का थांबलीस? गावच दिसतंय समोर."

"रस्ता चमकतोय, बाबा."

तिचं खरं होतं. उतारावर पातळ बर्फ होता, काचेसारखा. बर्फावर नुसता ट्रक असेल आणि घसरला, तर फक्त तुम्ही घसरता. मागे ट्रेलर असेल तर तो मागून ढकलतो आणि कात्रीसारखा मिटत बाजूला येतो. पण मीठ टाकून बर्फ वितळवणारा ट्रक कधी येईल ते माहीत नव्हतं. दुपार जवळ आली होती. गाळा गेला तर रविवारची थंडी, आणि मग ट्रेलर संपला. तिला हे सगळं माहीत होतं.

श्रीकांतराव मला म्हणाले, "काकू, डेल उतरला असता ना?"

मी खोटं बोलत नाही. म्हणाले, "उतरला असता."

"मग?"

इरा वळली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवूनच बोलली.

"मग डेल उतरू शकतो. मी नाही. आज मी नाही. सॉल्ट ट्रक आला की जाईन."

"म्हणजे तू हरलीस."

"मे बी. पण तुम्ही मागे बसलाय, काकू बसल्यात. मी हे करणार नाही."

मला इतक्या वर्षांत पाहिलेले लोक आठवत होते. सगळे त्या उताराच्या तोंडाशी एकच विचार करतात, आता आलोच आहोत तर. आणि ही पोरगी, जिच्या मानेवर बापाची अट बसलेली, शांतपणे इंजिन चालू ठेवून बसली होती. तिने गॅरेजला फोन केला. उशीर होईल, कारण उतारावर बर्फ आहे, एवढंच सांगितलं. विनवणी नाही. मालक म्हणाला, वचन देत नाही. तिने थँक्यू म्हणून फोन ठेवला.

तेवढ्यात शेजारी एक पिवळी गाडी वळून थांबली. शाळेची बस, रिकामी. आमचा गाळा घेणारी तीच बस. चालवणारी बाई माझ्याच वयाची. खिडकी खाली करून मला विचारलं, तुम्ही पण मिठाची वाट बघताय का? हो म्हटलं. ती म्हणाली, बरं केलंत, मी तर मिठाशिवाय कधीच उतरत नाही. मग पिशवीतून विणकाम काढलं आणि बसली.

श्रीकांतराव त्या बाईकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी इराच्या आईने दिलेला डबा उघडला आणि पहिलं धपाटं पुढे इराला दिलं.

मिठाचा ट्रक आला. तो गेल्या गेल्या मी म्हटलं, चल. इरा म्हणाली, "थांबा काकू, मीठ विरघळू दे." मग ती खालच्या गिअरमध्ये उतरली. मुंगीसारखी. अधूनमधून हाताची कळ, पायाचा ब्रेक जवळजवळ नाहीच. बस मागे भरपूर अंतर ठेवून आली. पूल ओलांडताना श्रीकांतराव म्हणाले, "हळू," आणि लगेच म्हणाले, "नाही, ठीक आहे. तू बघ."

गॅरेजला आम्ही आधी पोचलो. बसच्या बाईने मालकाला सांगितलं, यांचं आधी घ्या, माझ्या बसला सोमवारपर्यंत कोण विचारतंय. टाकीतला बर्फ वितळायला दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ लागला. व्हॉल्व्ह नवीन बसवला. इरा ती रात्र माझ्याकडे झोपली. घोरते.

श्रीकांतरावांनी दिलेला शब्द पाळला. पुढच्या शनिवारी ते गमबूट घालून आले. फोमचे जाड तक्ते आणले होते. ट्रेलरच्या खालच्या बाजूला चारी कडांनी ते लावायचे असतात, म्हणजे वारा खालून टाकीला लागत नाही. बापलेकीने गुडघ्यांवर बसून लावले. एक तक्ता उलटा लावला होता. मी सांगितलं. काढून परत लावला.

मार्चच्या शेवटी इरा मिशिगनला गेली. ट्रेलर स्वतः ओढत. जाताना पाया पडली. मी म्हटलं, व्हॉल्व्ह बंद ठेव.

ट्रेलर चालवणारे मी पुष्कळ पाहिले. त्यात हुशार होते, धीट होते, काही तर जन्मभर ट्रक चालवलेले होते. त्या पोरीइतकी चांगली चालवणारी मी कमीच पाहिली, आणि ती तर पहिल्यांदाच चालवत होती. आता नवीन माणूस हिवाळ्यातली जागा मागायला आला, की मी ट्रेलर किती लांबीचा ते नंतर विचारते. आधी विचारते, रस्ता वाईट बघून शेवटचे कधी आणि कुठे थांबला होतात? बहुतेकांना आठवत नाही. त्यांना मी एप्रिलमध्ये या म्हणते.