फ्रिजमध्ये उणे एकशे सत्तावीस!

मित्रहो, इन्सुलिन घेऊनही आईची रक्तातली साखर काही केल्या उतरत नाही. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "चेन्नईच्या या उकाड्यात इन्सुलिन थंड राहतं ना?" मी छातीठोकपणे हो म्हणालो.

घरी येताच आई म्हणाली, "तुमच्या सभेत सगळ्यांकडे पुरावा मागतोस, फ्रिजला मात्र नुसता हात लावून बघतोस!"

म्हणून इन्सुलिनशेजारी, फ्रिजच्या दारात, तापमानाचा सेन्सर ठेवला आणि तारा आकडा दाखवणाऱ्या छोट्या डिस्प्ले बोर्डाला जोडल्या. आकडा आला उणे १२७.

"अंटार्क्टिकाच आणलीस की रे!" आई हसली.

बायको म्हणाली, "तारांमध्ये रेझिस्टर लावायचा राहिलाय. त्या छोट्या भागाशिवाय सेन्सरचा संदेश बोर्डापर्यंत नीट पोचत नाही. सेन्सर सापडला नाही की बोर्ड हाच आकडा दाखवतो."

तो लावला. खरं तापमान चौदा अंश निघालं. इन्सुलिनसाठी ते आठच्या वर जायला नको होतं.

उणे १२७ वर कुणीच विश्वास ठेवला नाही. माझ्या हातावर मात्र इतके दिवस सगळ्यांनी ठेवला होता. तुमच्या घरचं औषध थंड आहे, हे तुम्हाला कोण सांगतं?