वीस बोर्डांची पूजा

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवण्याची पद्धत नाही.

टेबल आहे. सहा माणसांचं, चांगलं दणकट, रावेतला फ्लॅट घेतला तेव्हा वैशालीने (म्हणजे माझ्या बायकोने) हौसेने आणलेलं. पण गेली दोन वर्षं त्यावर माझा कारखाना चालतो. सोल्डर गन, भिंग, चिमटे, वायरींचे गुंते आणि 'हात लावू नये' असं लिहिलेला श्रीखंडाचा रिकामा डबा. घरची मंडळी खाली पाट मांडून जेवतात. पाहुण्यांना वाटतं, काय संस्कारी घर आहे!

दिवसा मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला असतो. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात. रस्त्यात एखादी गाडी दिसली की मी छाती फुगवून सांगतो, "हिच्या दरवाजातली क्लिप आमच्याकडची!" त्यावर वैशाली विचारते, "तिच्यावर तुमचं नाव आहे?" नसतं. इथेच तर माझं दुखणं होतं. इतकी वर्षं लाखो वस्तू हाताखालून गेल्या, एकीवरही आपलं नाव नाही! मला एकदा, एकदाच, माझ्या नावाची वस्तू जगात सोडायची होती. खोटं कशाला बोलू, या इच्छेने मी पार झपाटून गेलो होतो.

ती वस्तू म्हणजे हौशी लोकांसाठी मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. अंगठ्याएवढी हिरवी पट्टी आणि तिच्यावर एक चिमुकला मेंदू. पट्टी थेट कॉम्प्युटरच्या यूएसबी खाचेत खुपसायची, मेंदूला चार गोष्टी शिकवायच्या, मग तो तुमच्या कुंड्यांना पाणी घालतो, दिवे लावतो, मांजर आलं की भोंगा वाजवतो. असे बोर्ड बाजारात ढिगाने मिळतात. पण माझा सगळ्यांत छोटा असणार होता! पहिला झाला काडेपेटीएवढा. दुसरा अर्ध्या काडेपेटीएवढा. दोन्ही चालले नाहीत, पण छोटे होते हे कुणी नाकारणार नाही. तिसऱ्या वेळी मी यूएसबीचं पत्र्याचं तोंडच उडवलं आणि पट्टीच्याच टोकावर चार सोनेरी रेघा ओढल्या. वेगळं तोंड हवंच कशाला? पट्टी हेच तोंड! या कल्पनेवर मी इतका खूश झालो की दोन दिवस आंघोळ करताना एकटाच हसत होतो. पुढच्या बाजूला मुंगीलाही जागा उरली नाही, म्हणून पाठीमागे, बरोब्बर त्या टोकावर, बारीक अक्षरांत छापून घेतलं: 'रचना: गजानन बिराजदार'.

वैशालीने कॅलेंडरवर दसऱ्याभोवती लाल गोल काढला.

"दसऱ्याला साठे सर येणारेत ना? त्यांच्यासमोर चालला तर ठीक. नाही चालला, तर दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर मी ताटं मांडणार. तुमचा पसारा माळ्यावर. कायमचा!"

साठे सर म्हणजे निगडीचे निवृत्त शिक्षक. दर रविवारी ते हौशी मंडळींचा इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग घेतात. सरांना बोर्ड आवडला, तर सगळ्या वर्गात माझ्या नावाचा बोर्ड जाणार होता. म्हणून मी एक नाही, दोन नाही, चांगले वीस बोर्ड तयार करून ठेवले.

आता तुम्ही म्हणाल, अरे राव, आधी एकदा खुपसून बघायचा की! मेंदूत प्रोग्राम भरताना बघितलं होतं, पण ते बाजूच्या सहा बारीक टाचण्यांतून. तिथे दिवा छान लुकलुकला. यूएसबीत मात्र मी मुद्दाम खुपसला नाही. कारण आमच्या प्लांटचा नियम आहे, नव्या मशीनचं बटण नारळ फुटल्याशिवाय दाबायचं नाही. एका साहेबांनी घाईघाईत पूजेआधी प्रेस चालवला आणि पहिल्याच ठोक्याला स्वतःचा मोबाईल त्यात सपाट करून घेतला. तेव्हापासून सगळ्यांनी धसका घेतलाय. मीही ठरवलं, पहिला बोर्ड खुपसायचा तो दसऱ्याच्या मुहूर्तावर, सरांच्या साक्षीने.

आदल्या दिवशी कंपनीत खंडेनवमीची पूजा झाली. मी स्वतः उभा राहून ओरडत होतो, "हळदकुंकू पॅनलच्या दारावर लावा रे! आत नको!" संध्याकाळी घरी आलो आणि चहा पिता पिता आईसमोर जरा जास्तच बोललो.

"आई, कंपनीतली हत्यारं कंपनीची. माझी खरी हत्यारं ही टेबलावरची."

आई मूळची लातूरकडची. तिचा देवावर विश्वास आहे आणि माझ्यावरही, फक्त त्या क्रमाने. तिने बोर्डांकडे बघितलं.

"मग गजू, त्यांची पूजा नको का करायला?"

"कर की!" मी म्हणालो.

हो, हे मीच म्हणालो. पॅनलच्या दाराचं तेवढं सांगायचं राहून गेलं.

दसऱ्याच्या सकाळी मी खाली मोटरसायकल धूत होतो. तेवढ्यात निघोज्याहून मामा (माझे सासरे) झेंडूची पोती आणि कांद्याची पिशवी घेऊन आले. आम्ही दोघं वर आलो आणि मी दारातच थिजलो. तबकात माझे बोर्ड ओळीने निजवलेले. प्रत्येकावर फुलाने शिंपडलेलं पाणी, पाण्यावर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर अक्षता आणि वर झेंडूची एकेक पाकळी! शेजारी आई हात जोडून उभी.

"आई! हे काय केलंस?"

"तूच म्हणालास की, कर म्हणून. किती बारीक बारीक हायेत रे! एकेकाला कुंकू लावता लावता कंबर धरली माझी."

मी एक बोर्ड उचलून भिंगाखाली धरला. मेंदूच्या पायांच्या मधोमध कुंकवाचा चिखल! पायाला पाय चिकटलेले! वायरींच्या दुनियेत याला शॉर्ट म्हणतात. तरी मी जीव मुठीत धरून तो लॅपटॉपमध्ये खुपसला. दिवा लागला नाही. दुसरा खुपसला. तिसरा. पाकळ्या झटकत झटकत एकामागून एक सगळे. एकही हूं का चूं करेना!

"संपलं," मी खुर्चीत कोसळलो. "आई, सगळे मारलेस तू. सगळे!"

"मी? मी तर पूजा केली रे, लेकरा."

"पूजेनेच मेले ना!"

मामा कधीही संकटात गप्प बसत नाहीत. चाकणच्या बाजारात त्यांचा उभा जन्म गेलाय. त्यांनी तबकात बोट घातलं, ओल चाचपली आणि निर्णय दिला.

"जावईबापू, काय न्हाई व्हत. कांदा भिजला तर आमी काय करतो? धुवायचा, निवडायचा, पसरायचा. ऊन हाय चांगलं."

"मामा, हा कांदा नाही!"

"त्ये दिसतंय मला. पर ओल ती ओलच हाय ना!"

दुसरा उपाय तरी कुठे होता? मी स्पिरिटची बाटली काढली. घासायला मऊ ब्रश हवा होता, तो बाथरूममध्ये मिळाला. (तो मामांनी सणाला मुक्कामासाठी आणलेला नवा दातांचा ब्रश होता, हे मला नंतर कळलं. मामांना अजून कळलेलं नाही.) मी घासत होतो, मामा गॅलरीत वर्तमानपत्रावर बोर्ड पसरत होते, दर पाच मिनिटांनी उलटे-सुलटे करत होते आणि वैशाली डोक्याला टॉवेल गुंडाळून माझ्या बोर्डांवर तिचा हेअर ड्रायर धरून उभी होती.

"माझे केस ओले, आणि यांची बाळं कोरडी!" ती म्हणाली. "अहो, उद्यासाठी ताटं कुठली काढू, स्टीलची की काचेची?"

समोरच्या फ्लॅटच्या वहिनी आपट्याची पानं द्यायला आल्या. त्यांनी विचारलं, "काय वाळत घातलंय?" मामा म्हणाले, "जावयाचं पीक." वहिनी सोनं देऊन लगबगीने गेल्या. तासाभरात अख्ख्या मजल्याला कळलं की बिराजदारांनी दसऱ्याला काहीतरी हिरवं वाळत घातलंय.

दुपारी पुन्हा सगळे खुपसून पाहिले. एकोणीसच्या एकोणीस ढिम्म! (हो, एकोणीस. विसावा कुठे गेला हे बघण्याइतकं भान कुणाला होतं?) मग माझी जीभ सुटली. दोन वर्षांची मेहनत, माझं नाव, सरांपुढची अब्रू, असं काय काय मी आईला सुनावलं. आईने पुरणपोळीचं ताट तसंच सरकवलं आणि देवघरापाशी भिंतीला टेकून बसली. बरोबर बोलतोय असंच मला त्या क्षणी वाटत होतं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पाच वाजता साठे सर आले. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर. मी त्यांना सगळी कर्मकहाणी सांगितली. हळद, कुंकू, अक्षता, काही सोडलं नाही. आईचं नाव तर तीनदा घेतलं.

"अरेरे," सर म्हणाले. "एकही वाचला नाही?"

तेवढ्यात आई उठली. तिने सरांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, पेढा ठेवला आणि पेढ्याशेजारी एक बोर्ड ठेवला.

"एवढा एक देवापुढं ठेवला होता, सर. पहिला देवाला द्यावा म्हणून. ह्याला तरी गजूने धुतलं न्हाई."

तो बोर्ड बघून मला रडूच यायचं बाकी राहिलं. हा उलटा ठेवलेला होता आणि त्याच्या पाठीवर चांगला हळदीचा थर होता!

"अगं, यावर हे काय थापलंयस?"

"गुळगुळीत पाठ हाय रे त्याची. अक्षता टिकंनात. म्हणून दिव्यांची कणीक उरली होती, ती हळदीत कालवून लावली जराशी."

सकाळपासून वाळून कणीक दगडासारखी झाली होती. तिच्याखाली 'रचना: गजानन बिराजदार' गडप. मी बोर्ड काढून घ्यायला हात पुढे केला, पण सर म्हणाले, "दसऱ्याचा प्रसाद आहे, बघू तरी." आणि त्यांनी तो लॅपटॉपच्या खाचेत दाबला. तो करकचून बसला.

दिवा लुकलुकला!

लाल, बंद. लाल, बंद. अगदी मी शिकवला होता तसा.

"पावला! खंडोबा पावला!" मामा खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. आईने पदर तोंडाला लावला. वैशालीच्या हातातून ड्रायर निसटला. मी मात्र सरांकडे बघत होतो, कारण सर बोर्डाकडे बघत नव्हते. ते माझ्या एकोणीस धुतलेल्या बोर्डांकडे बघत होते. त्यांनी एक उचलला, खाचेत घातला आणि बोटाने जरा हलवला. तो आत खुळखुळ वाजला. मग त्यांनी तो वर दाबून धरला.

दिवा लुकलुकला! बोट सोडलं, विझला. दाबलं, लागला.

"बिराजदार," सर अगदी शांतपणे म्हणाले, "पट्टीची जाडी किती दिली होतीत?"

"जाडी?"

"बोर्ड बनवून घेताना फॉर्ममध्ये विचारतात ना, जाडी किती?"

"ते... ते आधीच भरलेलं होतं. नेहमीची जी असते ती. मी लांबी-रुंदीच बघत होतो, सर. छोटा करायचा होता ना!"

"तोंडाचा पत्रा काढलात, तर त्याची जाडी पट्टीने भरून काढायला नको? पट्टी पातळ पडली, म्हणून सोनेरी रेघा खाचेतल्या तारांना टेकतच नाहीयेत. बोर्ड धडधाकट आहेत सगळे. हळदकुंकवाचा काही दोष नाही. उलट यांच्या कणकेने जेवढी हवी होती तेवढी जाडी दिली."

सगळी डोकी एकाच वेळी माझ्याकडे वळली. वैशालीचं, मामांचं आणि सगळ्यांत शेवटी आईचं. आईच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिथे काळजी होती!

"म्हणजे माझ्यामुळं न्हाई ना बिघडले, सर?"

"नाही हो, आई. तुमच्यामुळे तर एक चालला!"

मी उठून आईच्या पाया पडलो. (दसरा असल्यामुळे ते सणाचं म्हणून खपून गेलं.) "चुकलो, आई."

"मग आता जेवू का मी?" ती म्हणाली. "सकाळपासून पोटात काही न्हाई."

आई जेवली. दोन पोळ्या जास्तच जेवली. मग पदर खोचून टेबलाशी बसली आणि तिने उरलेल्या एकोणीस पाठींना कणीक थापायला घेतली. मामा वर्तमानपत्रावर वाळत घालत होते, वैशाली ड्रायर मारत होती आणि सर त्यांच्या खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने कडा तासत होते. माझ्याकडे कुणी काही काम दिलं नाही.

जाताना सर दारात थांबले.

"बोर्ड आवडला. छोटा आहे, सुटसुटीत आहे. वर्गात सगळ्यांना हाच देऊ. फक्त कणकेला मुंग्या लागतील, तिथे जाड प्लॅस्टिकची पट्टी चिकटवा. पिवळीच घ्या, ओळखू येते. आणि हो, एवढीच जाड हवी बरं का, आईंनी दिलीय तेवढीच!"

टेबल वाचलं, पण माझं राहिलं नाही. आता त्याच्या एका टोकाला आई बसते. मोजायला तिला काही लागत नाही, चिमटीत धरून सांगते. "गजू, ही पातळ हाय. दुसरी काढ." मी दुसरी काढतो. माझे बोर्ड आता निगडीत आहेत, चिंचवडला आहेत, एक तर निघोज्याला मामांच्या कांद्याच्या चाळीत गरमी मोजत लटकलाय. सगळे झकास चालतात. प्रत्येकाच्या पाठीवर माझं पूर्ण नाव छापलेलं आहे, आणि प्रत्येकावर आईने ती पिवळी पट्टी बरोब्बर त्याच्यावरच चिकटवलेली आहे. एकाने कुतूहलाने पट्टी काढून माझं नाव वाचलं म्हणे. त्याचा बोर्ड तेव्हापासून बंद आहे.