सरपंचबाईंचा चेहरा

एआय कोणकोणते धंदे खाणार, याची यादी माझ्या भावाने घरच्या ग्रुपवर टाकली. माझा धंदा त्यात अगदी वर होता: बॅनर डिझाईन. खाली त्याने जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं होतं, कुणी गेल्यावर टाकतात ते. मी लिहिलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. यादी करणाऱ्याने एका फ्लेक्सवर दोन चुलतभाऊ कधी बसवलेत का, ते आधी विचार.

सुप्याच्या चौकाजवळ आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाईन मी करते, छपाईचं मशीन नवरा चालवतो. बाहेरच्यांना वाटतं, फ्लेक्स म्हणजे रंग आणि अक्षरं. आमच्याकडे फ्लेक्स म्हणजे कुणाचा चेहरा कुणाशेजारी, केवढा, आणि कुणाच्या वर. एकाचा फोटो बोटभर लहान झाला की जत्रेच्या बैठकीला अर्धं गाव येत नाही. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरात नुकतंच कोण गेलं, हे सगळं डोक्यात ठेवून मी चेहरे मांडते. फोनला चित्र काढता येतं, मान्य. भावकी त्याला कोण सांगणार?

गेल्या वर्षी पलीकडच्या गावातले एक गृहस्थ दुकानात आले. बायको राखीव जागेवर सरपंच झालेली, कारभार मात्र हेच बघायचे. पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाचा फ्लेक्स त्यांनी फोनवर एआयकडून करून आणला होता.

“मॅडम, समदं तयार हाय. तुमी फकस्त छापायचं.”

फ्लेक्सच्या मधोमध तेच उभे होते, हात जोडून, पुरुषभर उंच. वरच्या ओळीत पुढारी. सरपंच खालच्या कोपऱ्यात, एका लहानशा गोलात. जुने फ्लेक्स दाखवून ‘असंच कर’ म्हटल्यावर एआयने तसंच केलं होतं. आणि त्या गोलात कुणीतरी गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची बाई होती. सरपंचबाईंना मी ओळखत होते. डेअरीवर दूध घालायला यायच्या. सावळ्या, उभट चेहऱ्याच्या, सहसा न हसणाऱ्या.

“ह्या कोण?” मी विचारलं.

“आमची मंडळी की.”

“ह्या त्या नाहीत.”

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. “जरा गोरी केली आसंल त्यानं. त्या गोलात कोन बघतंय?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एआयने बिचाऱ्याने त्या बाईला पाहिलं कुठे होतं? पण तिच्याबरोबर संसार केलेल्या माणसालाही फरक दिसू नये? मी सांगून टाकलं, सरपंचांनी स्वतः येऊन हो म्हटल्याशिवाय हा फ्लेक्स छापणार नाही. ते फोन खिशात घालून निघून गेले.

“छापून द्यायचा ना,” नवरा मशीनमागून म्हणाला. त्या पंचायतीचं सगळं काम आमच्याकडे असायचं. “आपण दुकान चालवतो का पंचायत?”

“दुकान माझंही आहे,” मी म्हटलं. संध्याकाळपर्यंत आमचं बोलणं बंद होतं. भीती मलाही वाटत होती, पण ती गोरी बाई छापायची लाज त्याहून मोठी होती. डेअरीवरच्या एका ओळखीच्या बाईंकडून मी सरपंचबाईंना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. पुढे त्या, मागे ते, तोंड फुगवून. सरपंचबाईंनी नवऱ्याच्या फोनमधला फ्लेक्स पाहिला. “ही कोन?” एवढंच विचारलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. गृहस्थांनी रस्त्यावरचे टेम्पो बघायला सुरुवात केली.

आता खरं काम होतं. बाई मोठी व्हायला हवी, आणि घरी गेल्यावर तिला त्याची झळ बसायला नको. इतकी वर्षं चेहरे मांडून मला एक कळलंय: अशा माणसांना पहिली जागा हवी असतेच असं नाही, खांद्याला खांदा लावून दुसरा कुणी नको असतो. मी मधोमध सरपंचांची जागा धरली. खालचा सबंध पट्टा त्यांच्या नवऱ्याला दिला. निमंत्रक म्हणून, एकट्याला.

“माझ्या शेजारी कोन?” गृहस्थांनी विचारलं.

“कुणीच नाही. पट्टा सगळा तुमचा.”

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. “मग ऱ्हाऊ द्या.”

सरपंचबाईंचा एकटीचा फोटोच नव्हता, सगळे लग्नातले, घोळक्यातले. मी त्यांना दुकानाच्या भिंतीशी उभं केलं. उजेडासाठी पांढरा फ्लेक्स धरायला माझा नवरा न सांगता पुढे आला.

फोटो स्क्रीनवर घेतला आणि सवयीने डोळ्यांखालचं काळं पुसायला लागले. त्यांनी माझा हात धरला.

“तसंच ऱ्हाऊ द्या. लोकांनी वळखलं पायजे. उद्या टाकीला पानी न्हाई आलं, तर भांडायला कुनाकडं यायचं, ते कळाया नको व्हय त्यान्ला?”