मागचा चाप जडच हवा

तुमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची दुनळी बंदूक आहे. वानर नारळ पाडू लागले की ते हवेत बार काढत. आता त्यांचा हात कापतो, म्हणून परवाना तुमच्या काकीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, नावावर करायचा होता. बाग तीच सांभाळते. पण बाग सामायिक, त्यामुळे आजोबांच्या धाकट्या भावाची संमती हवी होती, आणि ती देणे ह्या माझ्या भावोजींच्या जिवावर आले होते.

भावोजींची उभी हयात मुंबईत खुर्चीवर गेली. निवृत्त होऊन मालवणला आले त्या दिवसापासून ते आम्हांला शेती शिकवतात. काजू कसा वाळवावा, हेसुद्धा. त्यांनी रिकामी बंदूक हातात घेऊन दोन्ही चाप ओढून पाहिले आणि निकाल दिला.

"मागचो चाप गंजलो आसा. बायलमाणसाक ह्यो ओढूक जमाचो नाय. परवानो माझ्या नावार करा."

"अरे, तो तसोच व्हयो," आजोबा म्हणाले.

पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डावीचा. पहिला बार निघाला की बंदूक खांद्याला धक्का देते. त्या धक्क्याने दुसरा बार आपोआप सुटू नये, म्हणून मागचा चाप मुद्दाम जड ठेवतात. तुमच्यातल्या सर्वांत धाकटीलाही हे कळेल. भावोजींना कळले नाही.

"वयनी, दोन चाप दोन तऱ्हेचे? असा खंय असता?" असे मला विचारून ते हसले. दुपारी आजोबा झोपले असताना पडवीत बसून त्यांनी कानशीने मागचा चाप 'सुधारला'. आम्हांला कळले ते संध्याकाळी, आणि तेही कानांनी.

माडावर एक वानर होता. भावोजींनी कोणाला न विचारता बंदूक उचलली, दोन्ही काडतुसे भरली, छाती काढून उभे राहिले आणि पुढचा चाप ओढला. दोन्ही नळ्यांचे बार एकदम उडाले. भावोजी मागच्या मागे शेणाच्या खड्ड्यात बसले. वानर माडावरच राहिला. त्यालाही बहुधा पाहायचे होते.

"वयनी, बंदूक फुटली गो!"

"बंदूक बरी आसा, भावोजी. खांदो बघा."

काकी पदर तोंडाला लावून म्हणाली, "काका, वांदर एकच होतो. दोनय बार एकदम कित्याक काढल्यात?"

चाप कारागिराकडून पुन्हा पहिल्यासारखा जड करून आणला. काकीने तो आमच्यासमोर ओढून दाखवला. तिला जोर लावावा लागला, आणि तेवढा तिच्यापाशी आहे.

कचेरीत भावोजी गळ्यातल्या झोळीत उजवा हात अडकवून आले. साहेबांपुढे एकदम शुद्ध मराठीत म्हणाले, "सूनबाई समर्थ आहेत. माझा पहिल्यापासून हाच आग्रह होता."

उजवा हात उचलेना, म्हणून संमतीवर डाव्या हाताचा अंगठा उमटवला. मुंबईतले एवढे मोठे अधिकारी! शाई पुसायला मी त्यांना माझा रुमाल दिला. तो त्यांनी अजून परत केलेला नाही.