शिटी आणि डावा हात

त्या वर्षी साखळी सामन्यांत सर्वांत वर राहिलेला फुटबॉलचा संघ कल्याणचा होता, रेल्वेतल्या कामगारांचा. कप जिंकला होता ठाण्याच्या खाडीकाठच्या ख्रिस्ती पोरांनी. दोन्ही विजेत्यांनी शेवटी एकमेकांशी खेळायचं, असा रिवाज. प्लेगमुळे सामना दोनदा पुढे गेला. तिसऱ्यांदा रेल्वेच्या साहेबाने दिवस पक्का केला. सगळं सुरळीत आहे असं लोकांना दिसायला हवं होतं. मी तेव्हा ठाण्याच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो.

ठाण्याचा संघ आगगाडीने गेला नाही. कल्याण स्टेशनात डॉक्टर प्रत्येक उतारूची काख चाचपत. संघ भरतीबरोबर होडीने निघाला आणि मीही त्यात बसलो. कारण कुणी सांगितलं नव्हतं. कोपर गावाच्या काठाशी आलो तेव्हा ते दिसलं. गोलकीपर भर उन्हात घोंगडी पांघरून बसला होता, डावा हात अंगापासून थोडा दूर धरून. त्याच्या नि माझ्या गुडघ्यांत वीतभर अंतर होतं.

त्याचा थोरला भाऊ संघाचा कप्तान. मी पाहतोय हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने लपवलं नाही. ताप दोन दिवसांचा, काखेतली गाठ कालची. त्या दिवसांत गैरहजर माणसाची चौकशी घरापर्यंत येई, म्हणून त्याला खेळायला आणलं होतं. मैदानावर उभ्या असलेल्या माणसावर कोण संशय घेणार? कळलं तर त्याला इस्पितळात नेतील, आईला छावणीत, आणि आत ऊन शिरावं म्हणून घराची कौलं उतरवतील.

"तुमी नुसते गोल मोजा, मास्तर," तो म्हणाला. लिहिणाऱ्या माणसाला त्यांच्याकडे मास्तरच म्हणत.

मी मान डोलावली.

मैदान म्हणजे रुळांपलीकडची मोकळी जागा. तिच्या कडेला झोपड्यांची छावणी होती. गाव रिकामं करून लोकांना तिथे आणलं होतं. तेच प्रेक्षक. रेल्वेचा एक गार्ड पंच होता. त्याने सुरुवातीची शिटी फुंकली आणि सगळ्या प्रेक्षकांनी दोन्ही हात वर केले. बायका, म्हातारे, सगळ्यांनी. रोज सकाळी डॉक्टरची शिटी झाली की रांगेत हात वर करून उभं राहायचं, ही त्यांची सवय. चूक कळल्यावर हात एकेक करून खाली आले. कुणी हसलं नाही. पुढच्या शिटीला पुन्हा तेच झालं.

कल्याणने पहिला गोल डाव्या बाजूने केला. चेंडू गोलकीपरच्या कोपराजवळून गेला. हात हलला नाही. गोल करणारा ओरडला, "काय रे, डावा हात घरी ठेवून आलास?"

मग त्याने त्या हाताकडे नीट पाहिलं आणि मागे सरला. शेजाऱ्याशी काही बोलला, शेजारी पुढच्याशी. पुढचा चेंडू गोलकीपरने उजव्या हाताने अडवला आणि मैदानात फेकला. चेंडू घरंगळत गेला, थांबला. त्याच्याजवळ कुणी गेलं नाही. दोन्हीकडचे खेळाडू आपापल्या जागी उभे होते.

खेळा, असं सांगायला गार्डने शिटी फुंकली. छावणीने हात वर केले. या वेळी खेळाडूंनीही केले. मीही केले होते, हे मला नंतर समजलं. कडेला खुर्चीवर बसलेला छावणीचा डॉक्टर सवयीने नजर फिरवू लागला. गोलकीपरपाशी त्याची नजर थांबली आणि तो उठला.

भाऊ धावत गोलपाशी गेला. "हात वर कर, बाला."

"नाय जात रे वर," गोलकीपर शांतपणे म्हणाला.

त्याला डोलीत घालून नेलं. आम्हा होडीतल्या सगळ्यांना दहा दिवस त्याच छावणीत ठेवलं. त्याच्या घराची खबर देणारी तार ठाण्याला त्याच दुपारी गेली होती. तिसऱ्या सकाळी बाला गेल्याचं समजलं. त्यानंतरही रोज आम्ही शिटीला हात वर करत होतो, भाऊ माझ्या शेजारी. समोर मैदानात चेंडू तसाच पडलेला. चरायला आलेल्या गाई त्याला वळसा घालून जात, असं मला वाटे. आजही मी ते खात्रीने सांगू शकत नाही.

सुटल्यावर मी भावाबरोबर त्याच्या घरी गेलो. कौलं अंगणात नीट रचून ठेवली होती. वाशांमधून ऊन थेट चुलीवर पडलं होतं. आई आदल्या दिवशीच छावणीतून परतली होती. तिने थोरल्याकडे पाहिलं, पण त्याला काही विचारलं नाही. मी पेपरात लिहितो हे तिला ठाऊक होतं.

"किती गोल खाल्ले त्यानं?" तिने मला विचारलं.

"एकच," मी म्हणालो.