आईबापांना अभ्यास देणारे सर

मंठ्यात मुलं कुणाला घाबरत असतील ते असो, आईबाप मात्र एकाच माणसाला घाबरतात, ते म्हणजे माझ्या मुलीच्या शाळेतले ग्रंथपाल सर. बाजाराच्या दिवशी समोरून त्यांची सायकल दिसली की भाजीच्या पिशव्या घेऊन चाललेली चांगली चाळिशीची माणसं भलत्याच गल्लीत वळतात. मी स्वतः एकदा भर उन्हात कुणाच्या तरी गोठ्यात शिरले आहे.

कारण असं की सर मुलांच्या नावावर पुस्तकच देत नाहीत. देतात ते आईच्या नाहीतर बापाच्या नावावर, आणि सोबत एक चिठ्ठी. पोर कोणत्या पानावर हसलं आणि कोणत्या पानावर अडलं, हे घरच्यांनी शेजारी बसून बघायचं, लिहायचं आणि खाली सही करायची. "पोरगं माझ्यापाशी अर्धंच असतंय," ते म्हणतात. "बाकीचं अर्धं तुमच्या घरी. दोन्ही जोडल्याबिगर बराबर कळत न्हाई." चिठ्ठी आली नाही तर ती घ्यायला सर स्वतः येतात, आणि जागा बघत नाहीत. एका बापाला त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीत गाठलं. अर्ध्या गालाला साबण, गळ्यात कापड, पळणार कुठं? एका लग्नात ते हौसेनं पंगतीत वाढायला उभे राहिले आणि "हत्तीचं पुढं काय झालं?" हे सांगेपर्यंत एका आईच्या ताटावर जिलबी नुसती धरून ठेवली. ती बाई अजून सांगते की तिनं हत्ती मारून टाकला आणि जिलबी मिळवली.

ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही सूट नाही. पोरानं वाचून दाखवायचं आणि त्यांनी सरांना तोंडी सांगायचं. आमच्याकडे बियाणं न्यायला येणारे एक आजोबा नातवाकडून ऐकलेल्या गोष्टीत आपला बैल, आपली विहीर आणि सरपंचाशी झालेलं भांडण खुशाल घालतात. सर मान डोलावत सगळं ऐकतात आणि म्हणतात, "पुस्तकात हे नव्हतं, पण पाहिजे होतं."

आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. जूनमध्ये मला जेवायला फुरसत नसते. त्या जूनमध्ये धाकटी सहावीत गेली होती आणि तिला वाचायचा नुसता कंटाळा. दोन ओळी झाल्या की डोकं दुखायचं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, लक्ष नाही. मी म्हटलं, आळस. मी निर्णय लवकर घेते. जालन्यात शिस्तीचं एक वसतिगृह होतं. तिथला फॉर्म आणला, भरला आणि सोमवारी मुलीला घेऊन जायचं नक्की केलं. ती रडली नाही, फक्त जेवेनाशी झाली. मला ते नाटक वाटलं.

आजवरच्या चिठ्ठ्याही मी अंदाजानंच लिहिल्या होत्या; आता ती जाणारच म्हटल्यावर सरांच्या चिठ्ठीसाठी कोण शेजारी बसतंय? गिऱ्हाइकांच्या गर्दीत पुस्तक न उघडताच मी लिहून टाकलं, "पान बावन्नवर हसली. कुठंही अडली नाही." खाली सही.

शनिवारी सर दुकानात येऊन खताच्या पोत्यावर बसले.

"ताई, बावन्नव्या पानावर हसली म्हणता?"

"हो. खूप हसली."

"पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचं हाय."

रांगेतला एक शेतकरी म्हणाला, "घ्या की मंग मास्तर! वहिनीनं चार पानं वरून दिली. खत घेताना आम्हाला तर मूठभर बी वरून देत न्हाईत."

सगळं दुकान हसलं. मी चिडून म्हटलं, "सर, सोमवारी ती जालन्याला चाललीय वसतिगृहात. आता चिठ्ठीचं सोडा."

"का म्हणून?"

"वाचत नाही म्हणून."

"वाचत न्हाई?" सर पोत्यावरून उठलेच. "माझ्यापाशी तर दर आठवड्याला पुस्तक मागती. फक्त मोठ्या अक्षराचं पाहिजे म्हणती. दुसरीच्या पोरांचं."

"घरी तर डोकं दुखतं म्हणते," मी म्हटलं. "टीव्हीला मात्र नाक लावून बसते."

सरांनी मुलीला आतून बोलावलं. आमच्या दुकानासमोरच्या भिंतीवर खताची जाहिरात रंगवली आहे, एकेक अक्षर हाताएवढं. सर म्हणाले, "बाळा, त्या भिंतीवर काय लिहिलंय?"

ती म्हणाली, "कुठं लिहिलंय, सर?"

सोमवारी आम्ही जालन्याला गेलो, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. जुन्या जालन्यातल्या दुकानदारानं दुपारपर्यंत चष्मा तयार करून दिला. बाकी काही नाही, डॉक्टर म्हणाले, नंबर आहे एवढंच. ते "एवढंच" ऐकून मी दवाखान्यातल्या बाकावर बसले ते पाच मिनिटं उठलेच नाही. परतीच्या एसटीत वाटूर फाट्यापर्यंत तिनं एकही पाटी सोडली नाही. पंक्चर, रसवंती, हात जोडलेले उमेदवार, सगळं मोठ्यानं वाचलं. पुढच्या सीटवरची बाई मागं वळून म्हणाली, "लई बोलती तुमची पोरगी." एरवी मी दटावलं असतं. म्हटलं, "बोलू द्या." वसतिगृहाचा फॉर्म पर्समध्येच होता. त्याचा पुडा करून आम्ही फुटाणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जाऊन सरांना सांगितलं. वाटलं होतं, आता हे बाजारभर मिरवणार. सर ग्रंथालयात एकटेच फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसले होते. हात न थांबवता म्हणाले, "मोठ्या अक्षराची पुस्तकं दोन वर्षं मीच देऊन राह्यलो, ताई. का पाहिजे, हे एकदाबी विचारलं न्हाई."

"मी दोन वर्षं आळशी म्हणत होते," मी म्हटलं.

सरांनी खळीची वाटी माझ्याकडे सरकवली. दुकान उघडायची वेळ झाली होती, तरी मी बसले. आम्ही पानं चिकटवत राहिलो. बाहेर मैदानातून माझ्या मुलीचा आवाज येत होता. लांबचं काहीतरी ती मैत्रिणींना वाचून दाखवत होती, त्यांनी विचारलेलं नसताना.